खुर्चीवरचा स्वेटर

१

लाँड्रीत तिला सगळे डिंकबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. चिकटून बसणं हेच तर तिचं काम होतं.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. मोठा कारखाना. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, कंपन्यांचे गणवेश, असा शहरभरचा मळ तिथं गाठोड्यांतून यायचा आणि धुऊन, कडक घड्या होऊन परत जायचा. माल परत जायचा वेळेवर, पैसे यायचे लोकांच्या सवडीने. ते पैसे आणायचे डिंकबाईने.

फोनवर तिचा विश्वास नव्हता. फोनवर माणूस खोटं बोलतो आणि बोलता बोलता नखं कापत बसतो, असं तिचं म्हणणं. चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय. सही करणारे साहेब बाहेरगावी गेलेत. बिलाची प्रत सापडत नाही, दुसरी पाठवा. अकाउंटवाली बाळंतपणाला गेलीय. ही सगळी गाणी तिला पाठ होती. एका कंपनीची अकाउंटवाली तर एका वर्षात तीनदा बाळंत झाली होती.

म्हणून ती सरळ जायची आणि बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी खुर्ची धरायची, पिशवी मांडीवर घ्यायची, आणि कुणी नुसतं बघितलं तरी मोठ्याने सांगायची की मी लाँड्रीतून आलेय, यांच्याकडे आमचे पैसे थकलेत. बहुतेक ठिकाणी दुपारच्या चहापर्यंत चेक निघायचा. नाहीच निघाला तर संध्याकाळी उठताना ती अंगातला मरून स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि तसाच सोडून यायची. मी गेले नाही, ही जागा माझी, उद्या पुन्हा आहे, असं सांगायची ती तिची तऱ्हा. कॅशिअर सकाळी आला की पहिल्यांदा तो स्वेटर बघणार आणि त्याचा सगळा दिवस नासणार. एका हॉटेलवाल्याने तर स्वेटरलाच चेक टाचून तो टॅक्सीने परत पाठवला होता. लाँड्रीत त्यावर आठवडाभर हसले.

स्वेटर थोरल्या बहिणीने, ताईने, विणलेला. ताईचे दोन्ही हात चालत होते तेव्हाचा. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी एसी लावलेल्या ऑफिसांत तो लागायचाच. गळ्याचं मूळ बटण कधीच हरवलं होतं, त्या जागी शर्टाचं पांढरं बटण होतं, आणि ते काजात इतकं घट्ट बसायचं की नखाने आतून रेटल्याशिवाय लागत नसे. ती युक्ती दोघी बहिणींनाच येत होती.

यंदा अडलं होतं ते खुर्च्यांच्या खोळींचं बिल. एका ऑफिसातून दर महिन्याला खोळी धुवायला यायच्या, खुर्चीवर वरून खाली घालायच्या, जमिनीपर्यंत झालरी असलेल्या. सुरुवातीला त्यांनी पैसे असे चोख दिले की डिंकबाईनेच मालकांना सांगितलं, यांना उधार द्या, माणसं चांगली आहेत. मग पैसे थांबले आणि गाठोडं मात्र दर खेपेला फुगत गेलं. धुणाऱ्या बायका म्हणायच्या, कापड बसायच्या जागी कसं विरलंय बघा, आणि एवढ्या खुर्च्या ठेवतात तरी कुठं? डिंकबाई म्हणायची, ठेवेनात का डोक्यावर, बिल मोठं होतंय ना.

आता ते मोठं बिल तिच्याच गळ्यात आलं होतं. मालक तसे बरे होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. "बाई, तुमच्या शब्दावर दिलं होतं. महिनाअखेर आले नाहीत तर तुमच्या पगारातून कापणार. मग पुढचं पुढे."

पुढचं पुढे म्हणजे काय, हे तिला कळत होतं. तिच्या पगारावर ताईची औषधं होती आणि दिवसभर ताईजवळ बसणाऱ्या शेजारणीचे पैसे होते.

२

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली शिंपी, वर दातांचा डॉक्टर, मग एक लांब व्हरांडा आणि शेवटी काचेचं दार.

आत एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींना लागून खुर्च्यांच्या रांगा, सगळ्यांना पांढरट खोळी. त्या खोळी तिने ओळखल्या, आपल्याच साबणाचा वास. समोरच्या भिंतीत दुधी काचेची खिडकी, तिला खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट. काचेमागे कुणाची तरी सावली आणि शिक्क्याचा आवाज. ठक. थोडं थांबून, ठक.

खोलीत माणूस एकच होता, पलीकडच्या रांगेत, गुडघ्यांत छत्री धरून बसलेला. पण बऱ्याच खुर्च्यांवर वस्तू होत्या. एकीवर चष्म्याचं घर. एकीवर हेल्मेट. एकीवर गुंडाळलेलं वर्तमानपत्र, एकीवर जेवणाचा डबा. डिंकबाईला बरं वाटलं. म्हणजे आपल्याच जातकुळीचे लोक, वसुलीवाले. जागा धरून चहाला गेले असणार.

आतून शिपाई आला. म्हातारा, चपला घासत चालणारा. तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, "बसा. साहेब येतायत."

ती बसली. मग तिच्या लक्षात आलं की त्याने काहीच विचारलं नाही. कोण तुम्ही, कुठून आलात, बिल कुठलं. जगात जिथं जावं तिथं पहिल्यांदा हेच विचारतात आणि मग तोंड कडू करतात. म्हणून तिने आपणहूनच सुरू केलं, मोठ्या आवाजात, छत्रीवाल्यालाही ऐकू जाईल असं, की लाँड्रीचे पैसे थकलेत आणि चेक घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

शिपाई ओशाळला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. "हो ना," तो म्हणाला. "सगळे असंच म्हणतात."

दिवसभर ती बसली. एसीचा गारवा घोट्यांपासून वर चढत होता. दार उघडलं नाही, फोन वाजला नाही, चहाला गेलेले लोक परत आले नाहीत. फक्त काचेमागे ठक, आणि थांबून ठक. संध्याकाळ झाली तेव्हा तिने सवयीप्रमाणे स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि शिपायाकडे रोखून बघितलं. या क्षणी शिपाई कुरकुर करतात, बाई हे घेऊन जा, आमच्यावर येईल.

हा पुढे झाला. त्याने स्वेटरच्या दोन्ही बाह्या उचलल्या आणि हलक्या हाताने खुर्चीच्या हातांवर नीट ठेवल्या, आजारी माणसाचे हात ठेवावेत तशा.

"राहू द्या की," तो म्हणाला. "जागा तुमचीच आहे."

३

ती घरी पोचली तेव्हा शेजारीण चपला घालून दारातच उभी होती. दुपारी ताईंनी काही खाल्लं नाही, किती विनवलं, असं तिने सांगितलं आणि ती पळाली. तरणी पोर, स्वभावाने मऊ. तिच्या विनवण्यांचा ताईवर उलटा परिणाम व्हायचा. कुणी गोड बोललं की ताईला वाटे आपण मरायला टेकलोय, म्हणून हे लोक आपल्याशी असं बोलतायत. मग ती भिंतीकडे तोंड फिरवायची आणि मिटून घ्यायची.

झटका येऊन ताईची डावी बाजू गेल्यापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टरांनी गेल्या खेपेला डिंकबाईला बाहेर बोलावून सांगितलं होतं, औषधं राहू द्या एकवेळ, पोटात अन्न जाऊ द्या. वजन असंच उतरत राहिलं तर माझ्या हातात काही नाही.

तिने मऊ भात कालवला आणि पलंगाच्या कडेला बसली. पाच-सहा घास गेले.

"पुरे," ताई म्हणाली. अर्ध्या तोंडाने बोलायची, पण डिंकबाईला सगळं कळायचं.

"काय पुरे? चिमणी तरी जास्त खाते."

"पोट माझं आहे."

"भात माझा आहे. पगार माझा आहे. तोंड उघड, नाहीतर नाक दाबीन."

"तू जेलर व्हायला हवी होतीस."

"कैदी असा मिळाल्यावर काय करू? उघड."

ताईच्या तोंडाची उजवी बाजू हसली, आणि हसताना उघडलेल्या तोंडात घास गेला. मग भांडत भांडत वाटी संपली. रोज हेच. लोकांना वाटे डिंकबाई आजारी बहिणीवर खेकसते. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

ताईला कुशीवर वळवताना तिला एकदम पाठीला गार लागलं. मणक्यावर काहीतरी टेकलेलं होतं, सरळ, लाकडी. तिने मागे हात नेला. मागे खोलीच होती नुसती. मग तिला ठक ऐकू आलं. मोरीचा नळ असेल म्हणून तिने जाऊन तो पिळला. नळ गळत नव्हताच.

"स्वेटर कुठाय?" ताईने विचारलं.

"ठेवलाय ऑफिसात. चेक देत नाहीत मेले."

"म्हणजे तिकडं बसवून आलीस," ताई म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं.

४

सकाळी ऑफिसात शिरल्यावर ती दारातच थबकली. तिच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं.

कुणी नव्हतं. स्वेटर होता. पण तो पाठीवर नव्हता, खाली आला होता, खुर्चीत बसला होता. बटणं खालपासून वरपर्यंत लावलेली आणि अंग असं भरलेलं की आत उशी कोंबलीय का, म्हणून तिने छातीवर हात दाबून बघितलं. हाताखाली तो हळूच बसला. गळ्याचं पांढरं बटणही लावलेलं होतं.

खुर्चीत हात ठेवला तर कापड उबदार होतं. खुर्चीशेजारी खाली चहाचा कप होता आणि त्यात शेवटचा एक घोट ठेवलेला. चहाचा शेवटचा घोट टाकायचा, गाळ येतो म्हणून, ही तिची लहानपणापासूनची खोड.

तिने आधी रागाने विचार केला, कारण रागाने विचार केला की तिला सुचायचं. हा म्हातारा रात्री इथं झोपत असणार. गार वाजलं असेल, घातला असेल स्वेटर. एवढंच. बटण? लागलं असेल कसंतरी. तिने त्याला बोलावून फैलावर घेतलं. बाईमाणसाचा कपडा अंगात घालायला लाज वाटत नाही का, काय वय काय तुमचं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. खालचा कप उचलला. "मी कशाला घालू, बाई? तुम्हीच होतात की. उठलाच नाहीत काल. साहेब निघताना बोललेसुद्धा, ही बाई खरी चिवट."

"मामा, मी बसने घरी गेले."

"बरं," तो म्हणाला, आणि लहान मुलाचं खोटं मोठ्या माणसाने चालवून घ्यावं तसा हसला.

दुपारी दुधी काचेमागून आवाज आला की लाँड्रीचा चेक झालाय, सही राहिलीय. ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिने पदराने कपाळ टिपलं. हे ओळखीचं गाणं होतं. सही राहिलीय म्हणजे पैसे आहेत. बाकी सगळे मनाचे खेळ.

तरीही संध्याकाळी स्वेटरला हात लावताना ती थांबली. घेऊन जावा का? पण खूण उचलली की दावा सोडला, असं तिने इतकी वर्षं मानलं होतं. ज्या दिवशी वसुलीवाला आपणहून आपली जागा मोकळी करतो, त्या दिवशी कॅशिअर त्याचं बिल ढिगाच्या तळाशी सारतो. आणि घाबरून उचलायचा? कशाला? एका बटणाला?

तिने तो होता तिथंच ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली ती हसतच आली. म्हणाली, काकू, काल संध्याकाळी डबा विसरले म्हणून परत आले होते तर दारातून ऐकलं. किती शांतपणे बोलत होतात ताईंशी. त्या नको म्हणाल्या तर लगेच वाटी बाजूला ठेवलीत. मला तर बाई खूप बरं वाटलं.

डिंकबाईने झाकण काढून पातेल्यात बघितलं. भात जवळजवळ तसाच होता.

काल संध्याकाळी काय झालं? तिने आठवून बघितलं. बसमध्ये जागा मिळाली होती की उभी होती? जिना आठवत होता. जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला हात आठवत होता. त्याच्यापुढे खोली असायला हवी होती, ताई, दिवा, वाटी. तिथं काहीच नव्हतं. त्या जागी तिला आठवत होती ती दुधी काच आणि पाठीला टेकलेलं लाकूड.

दमलेय, तिने स्वतःला सांगितलं. या वयात माणूस दमतं.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डिंकबाई जवळ गेली तेव्हा न वळताच तिने विचारलं, "डॉक्टर काही बोलले का तुला?"

"काय बोलणार?"

"मग काल गोड का बोलत होतीस?" आता ती वळली. चांगला डोळा भीतीने मोठा झाला होता. "नको असेल तर राहू दे गं ताई, म्हणालीस. माझ्या केसांवरून हात फिरवलास. मी मरतेय का? खरं सांग."

डिंकबाईने तिची चादर ओढून नीट केली. पण तोंडाने ती म्हणाली, "मरून तर बघ. असा मार देईन की पुन्हा मरायचं नाव काढणार नाहीस."

ताईने तिच्याकडे निरखून बघितलं, आणि तिचा श्वास खाली बसला. "आलीस बाई," ती म्हणाली. "आण तो भात."

६

त्या दिवशी ऑफिसात शिरली ती ठरवूनच. चेक दुपारपर्यंत मिळाला तर मिळाला. नाहीतर स्वेटर उचलायचा आणि जायचं. कापू दे मालकांना पगार. दुसरीकडे भांडी घासू.

स्वेटर खुर्चीत बसला होता. तिने त्याच्याकडे न बघता तो उचलून पाठीवर टाकला आणि बसली. कापड उबदार होतंच.

दोन दिवसांत छत्रीवाल्याशी ती बोलली नव्हती. आज गप्प बसवेना म्हणून तिने विचारलं, तुमचं कसलं बिल? कागदाचं, तो म्हणाला. छापखान्याला कागद पुरवायचो. आवाज असा, जणू पुष्कळ दिवसांनी वापरायला काढलाय. छत्री ओली होती. खाली फरशीवर पाण्याचा थेंब होता. डिंकबाईने रस्त्याकडच्या खिडकीकडे बघितलं. बाहेर कोरडं, पांढरं ऊन.

"तुम्ही इथं काही ठेवून गेला होतात का?" त्याने विचारलं.

"स्वेटर. माझी पद्धतच आहे ती."

तो बराच वेळ छत्रीची मूठ अंगठ्याने चोळत राहिला.

"तुमचे पैसे कधी देतायत?" तिने विचारलं.

"माझे मिळाले. कधीच मिळाले."

"मग इथं कशाला बसलात? घरी जा की."

"घरी मी आहे," तो म्हणाला.

वेडा आहे, तिने स्वतःला सांगितलं. मग तिची नजर चष्म्याच्या घरावर गेली. मग हेल्मेटवर. डब्यावर. या तीन दिवसांत त्यातलं काहीही जागचं हललं नव्हतं, आणि प्रत्येक वस्तूखाली खोळीचं कापड खोल दबलेलं होतं. चष्म्याच्या घराच्या वजनाने एवढं दबत नाही.

ती उठली. स्वेटर उचलला, पिशवी काखेत मारली आणि चालू लागली. दारापर्यंत पोचली. हात दाराच्या मुठीवर पडला, मूठ फिरलीसुद्धा, व्हरांड्यातली गरम हवा तोंडावर आली, खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज आला.

"बाई," मागून शिपाई म्हणाला. "साहेब आलेत. तुमचाच चेक समोर आहे. पेन उघडलंय."

आता इथं दुसरी कुणी असती तर जिना उतरून गेली असती. पण उभा जन्म जिचा सहीची वाट बघण्यात गेला, तिच्या कानावर पेन उघडल्याचं पडलं. काचेमागे आता एकाच्या दोन सावल्या होत्या. एक वाकलेली, सही करायला वाकतात तशी. एवढं बसून, एवढं सोसून, पेन टेकायच्या वेळी उठून जायचं? उद्या मालकांना काय तोंड दाखवायचं? ताईची औषधं? पाच मिनिटांचा तर प्रश्न.

तिने मूठ सोडली. दार आपोआप मिटलं.

ती परत आपल्या खुर्चीत येऊन बसली. गारठा फार होता. तिने स्वेटर अंगात घातला, आणि काचेकडे बघत बघत, हाताला सवय होती म्हणून, बटणं लावली.

७

ऊन दुसऱ्या खिडकीत होतं.

म्हणजे सकाळ. शिपाई चपला घासत खिडक्यांचे पडदे सारत होता. डिंकबाईने काल संध्याकाळ शोधली. बस. जिना. कठडा. तिने सगळीकडे हात घालून बघितलं, आणि कुठंच काही नव्हतं. नुसती खोली होती, आणि काच, आणि ठक.

मांडीवर पिशवी नव्हती. खाली नव्हती, शेजारी नव्हती. पिशवीत घराची किल्ली होती, बसचे पैसे होते.

उठूया, तिने ठरवलं. उठतात कसं, ते तिला नीट आठवत होतं. आधी पाय ओढून घ्यायचे, मग हातांवर भार द्यायचा. पण हात खुर्चीच्या हातांवर जसे ठेवले होते तसेच होते, आणि तिचं सांगणं त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. गळ्याशी पांढरं बटण टोचत होतं.

काचेचं दार उघडलं.

बाई आत आली ती हळूच, झोपलेल्या घरात पाहुणी येते तशी. खांद्याला पिशवी, ती पिशवी. अंगात स्वेटर नव्हता. ती रांगांच्या मधून चालत गेली तेव्हा डिंकबाईला दिसले ते तिचे पाय. टाचेला भेग होती, आणि भेगेवर पट्टी चिकटवलेली. भेग डिंकबाईची होती. पट्टी कधी लावली ते तिला माहीत नव्हतं.

बाई काचेपाशी वाकली. फटीतून चेक बाहेर आला. चेहरा काचेकडे होता, दुधी काचेत तो नुसता एक पांढुरका डाग दिसत होता, आणि डाग हसत होता.

"थँक्यू हं," बाई म्हणाली. "फार त्रास दिला तुम्हाला."

आवाज तिचाच होता. फक्त त्यातलं हाड काढून घेतलं होतं. सबंध आयुष्यात डिंकबाईने एकाही कॅशिअरला थँक्यू म्हटलं नव्हतं.

बाई चेक पिशवीत ठेवत परत निघाली. डिंकबाई ओरडली. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडली, की तिला रागाव, ऐकतेस का, तिला गोड बोलू नकोस, ती खात नाही, तिला शिव्या दे, नाक दाब, ती घाबरते, ती भिंतीकडे वळेल आणि मग...

खोलीत एसीची घरघर होती.

दाराशी बाई क्षणभर थांबली. वारा लागावा तसा तिने आपल्या उघड्या खांद्यावरून हात फिरवला. मग तिने दार ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून अगदी जपून, आणि तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला.

पलीकडच्या रांगेत छत्रीवाला मान खाली घालून बसला होता.

८

ऊन फिरलं. दुपार झाली असावी. आता शेजारीण विनवत असेल आणि ताई डोळे मिटून पडली असेल, संध्याकाळची वाट बघत. संध्याकाळी जेलर येईल, म्हणून. दारात चपला वाजतील. बाई आत येईल. वाटी घेऊन पलंगाच्या कडेला बसेल. आज बिल मिटलं, मालक खूश झाले, असं हसून सांगेल.

ताई म्हणेल, पुरे.

आणि ती म्हणेल, बरं.

दार उघडून शिपायाने एक गाठोडं आत ओढलं. आपल्या लाँड्रीचं गाठोडं डिंकबाईने गाठीवरून ओळखलं. बिल मिटलं, माल सुटला. त्याने एकेक खोळ झटकली, कडक, पांढरी, इस्त्रीचा वास अजून जिवंत असलेली, आणि खुर्च्यांवरून वरून खाली घालत तो रांगेने येऊ लागला. चष्म्याचं घर झाकलं. हेल्मेट झाकलं. छत्रीवाल्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याने आपणहून मान वाकवली.

मग शिपाई तिच्यासमोर आला. त्याने खोळीची झालर दोन्ही हातांत धरून उंच केली.

"उठू नका, उठू नका," तो म्हणाला. "बसा निवांत."

पांढरं कापड खाली येऊ लागलं. आतून आपल्याच साबणाचा वास आला. आणि डिंकबाई, जिचं तोंड अजून चालतंय की नाही हे तिलाही कळत नव्हतं, तोंड चालवतच राहिली. उघड. उघड म्हणते ना. अजून एक. मी उठणार नाही हां ताई, सांगून ठेवते, वाटी संपल्याशिवाय मी इथून उठणार नाही.